कुजलेल्या ओंडक्यावरच्या पापुद्रा बुरशा: नाव शोधायचं कसं आणि थांबायचं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पडून कुजत असलेल्या झाडांवर पांढरे, नारिंगी, करडे पातळ थर दिसतात. त्यांना टोपी नाही, देठ नाही. फोटो ॲपमध्ये टाकला की दर वेळी वेगळं नाव येतं. मग या बुरशा ओळखायच्या कशा?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. ॲपचा यात फारसा दोष नाही. नुसत्या फोटोवरून खात्रीने नाव सांगता येईल अशा पापुद्रा बुरशा मोजक्याच आहेत. पांढऱ्या, मलई रंगाच्या, गुळगुळीत थरांचं नाव फोटोवरून कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो माणूस असो की ॲप. तिथे चाकू लागतो, भिंग लागतं आणि शेवटी मायक्रोस्कोपला पर्याय नाही. नवखा माणूस ज्या रंगावरून सुरुवात करतो, तो रंग या बुरशांच्या बाबतीत सगळ्यात कमी भरवशाचा. तोच थर ओला असताना जांभळट दिसतो, वाळला की राखाडी, आणि जुना झाला की त्यावर हिरवं शेवाळ चढून तिसराच काहीतरी.

एवढी अडचण का होते, तर ‘पापुद्रा बुरशी’ हे कुळ नाही, ती राहण्याची एक पद्धत आहे. एलिआस फ्रीझ या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1821पासून बुरशांची जी मांडणी केली, तिच्यात बीजाणू देणाऱ्या पृष्ठभागाच्या आकाराला फार महत्त्व होतं. पृष्ठभाग गुळगुळीत असला तर एका गटात, काटेरी असला तर दुसऱ्या, छिद्रांचा असला तर तिसऱ्या. डीएनए वाचता यायला लागल्यावर ही मांडणी कोलमडली. स्टिरियमचे थर निघाले रुसुला या ठिसूळ अळंब्यांच्या गणातले. कोनिओफोरा आणि सेर्पुला निघाल्या टोपीखाली छिद्रं असणाऱ्या बोलेटसच्या नातेवाईक. सिलिंड्रोबेसिडियम हा मेणचट फिकट थर तर पट्ट्यांच्या अळंब्यांच्या गणात, तोही आर्मिलारियाच्या कुळात जाऊन बसला. म्हणजे लाकडाला चिकटून सपाट पसरण्याची युक्ती बुरशांनी अनेकदा स्वतंत्रपणे साधली आहे. साहजिकच वरवर सारखे दिसणारे दोन थर एकमेकांचे कोणीच नसतात, आणि सख्खे नातेवाईक ओळखू येत नाहीत.

आता कामाचं. पहिला प्रश्न नावाचा नसतो. समोरची वस्तू पापुद्रा बुरशी आहे का, हा असतो. काळा, कोळशागत कडक थर असेल आणि भिंगातून त्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके किंवा उंचवटे दिसत असतील, तर ती हायपोझायलॉन किंवा डायट्रायपी यांच्या गटातली बुरशी. ती पिशवीत बीजाणू भरणाऱ्यांपैकी. तिचा रस्ता वेगळा. वरचा थर खरवडल्यावर आत हिरवी रेघ दिसली तर ते शैवाक, म्हणजे दगडफुलाच्या जातकुळीतलं. मात्र नुसतं वरून चढलेलं शेवाळ आणि आतली हिरवी पट्टी यात गल्लत करू नका. लाकडाच्या उघड्या बाजूवर नारिंगी भुकटी बोटाला लागत असेल तर ते बऱ्याचदा ट्रेंटेपोलिया नावाचं शैवाल असतं; नाव हिरव्या शैवालांत, रंग मात्र गडद नारिंगी. आणि पिवळा किंवा पांढरा ओलसर चिकट थर दुसऱ्या दिवशी जागा बदलून बसलेला दिसला, तर ती स्लाइम मोल्ड. बुरशीचा थर असा चालत नाही.

ही गाळणी झाली की ओंडका उलटा. जमिनीला टेकलेली बाजू ओलसर राहते आणि तिथून बीजाणू खाली सुटायला मोकळे असतात, म्हणून बहुतेक चांगले थर खालच्या बाजूला मिळतात. बघून झालं की ओंडका होता तसाच पालथा घाला. तो उलटा ठेवला तर बुरशीही मरते आणि खाली राहणारे जीवही उन्हात पडतात. हा शिष्टाचार सांगावा लागतो, कारण उलटे टाकलेले ओंडके मी पुष्कळ बघतो.

पहिली नजर कडेवर टाका, मधल्या भागावर नाही. मधला भाग बहुतेकांचा सारखाच असतो; ओळखीची माहिती कडेला असते. कड कशी संपते ते दहापट भिंगातून बघा. ती हळूहळू विरळ होत लाकडात विरून जाते, की धारदार रेषेत संपते? तिच्यातून झालरीसारखे तंतू बाहेर पडतात का? त्या झालरीतून जाड दोरे निघून लाकडावर किंवा मातीत धावतात का? असे दोरे असतील तर फॅनेरोकीटी आणि तिच्या जवळच्या बुरशांकडे बोट जातं. कड लाकडापासून सुटून वर वळत असेल आणि तिची पाठ केसाळ असेल, तर स्टिरियमची शक्यता वाढते. पेनिओफोरा क्वेर्सिना ही ओकच्या मेलेल्या फांद्यांवर येणारी बुरशी ओली असताना जांभळट, फुगीर, फांदीला घट्ट चिकटलेली असते. वाळली की ती राखाडी-गुलाबी होते आणि कडा उचलून आत वळतात, तेव्हा खालची काळपट बाजू दिसते. दोन्ही अवस्थांचे फोटो शेजारी ठेवले तर नवख्याला त्या दोन वेगळ्या बुरशा वाटतील.

मग पृष्ठभाग. गुळगुळीत, मस्से आलेला, सुरकुत्यांचा, बारीक दातांचा, छिद्रांचा. हे शब्द टिपून ठेवा, पण त्यावरून कुळ ठरवू नका. एकाच थरात कधी उतारावरच्या भागात दात असतात आणि सपाट भागात छिद्रं. झायलोडॉन पॅराडॉक्सस या बुरशीत छिद्रं फाटून दातांसारखी होतात, तिच्या नावातला विरोधाभास सार्थ आहे. पृष्ठभागापेक्षा पोत जास्त बोलतो. नखाने किंवा चाकूच्या टोकाने थर उचलून बघा: जाळीगत विरतो, कागदासारखा सोलून निघतो, मेणासारखा कातला जातो, की लाकडाशिवाय निघतच नाही?

चाकू हातात आहेच, तर एक ओरखडाही काढा. हा जागेवरच करण्याजोगा सगळ्यात उपयोगी प्रयोग. ताज्या स्टिरियमच्या बीजाणूथरावर चाकूच्या टोकाने रेघ मारा आणि थोडं थांबा. सूचिपर्णी झाडाच्या लाकडावर असेल आणि रेघ लाल होत गेली, तर स्टिरियम सॅंग्विनोलेंटम. रुंदपर्णी झाडावर लाल झाली तर स्टिरियम रुगोसम किंवा स्टिरियम गॉसापेटम यांचा विचार करायचा. रुगोसम बहुवर्षायू असते, आडव्या कापात तिचे थरावर थर दिसतात. गॉसापेटम बहुतेक ओकवर आणि कड जास्त वळलेली. रेघ लाल झालीच नाही, पृष्ठभाग पिवळा-नारिंगी, पाठ केसाळ, तर बहुधा स्टिरियम हिर्सुटम. नमुना वाळलेला असेल तर आधी पाण्याने भिजवून घ्या, नाहीतर रक्तरंगी जातीही रेघ लाल करणार नाहीत आणि तुम्ही चुकीच्या वाटेला लागाल.

दुसरा प्रयोग एका थेंबाचा. पोटॅशियम हायड्रॉक्साईडचं तीन ते पाच टक्क्यांचं द्रावण छोट्या ड्रॉपर-बाटलीत बाळगा. हाताला आणि डोळ्याला लागू देऊ नका. तपकिरी, गंजाच्या रंगाच्या थरावर थेंब टाकल्यावर तो चटकन काळा पडला तर हायमेनोकीटीच्या कुळाची दाट शक्यता. मायकोएशिया उडा हिचे लिंबासारखे पिवळे दात या थेंबाने जांभळट-लाल होतात. पिवळसर थरातून दोरे निघत असतील आणि थेंबाने तो भाग लाल किंवा जांभळा झाला तर रायझोकीटी. रंग बदलला नाही तर तेही लिहून ठेवा. ‘काही झालं नाही’ हीसुद्धा नोंद आहे.

लाकूड कोणाचं, हे ठरवण्यात लोक आळस करतात आणि तिथेच सगळं बिघडतं. सूचिपर्णी की रुंदपर्णी, एवढं तरी कळलंच पाहिजे. शक्य असेल तर झाडाचं नाव. साल शिल्लक आहे का, थर सालीवर आहे की सालीखाली? व्हुइलेमिनिया कोमेडेन्स ही बुरशी झाडावरच वाळलेल्या फांद्यांची साल आतून उचकटते. साल दोन्ही बाजूंना गुंडाळली जाते आणि मध्ये उघड्या लाकडावर तिचा फिकट थर बसलेला दिसतो. ही खूण पाहिली की पुढच्या तपासणीचं निम्मं काम झालं. ओंडका किती कुजलाय तेही बघा. कापल्यानंतर थोड्याच काळात येणाऱ्या बुरशा वेगळ्या आणि चाकू सहज आत जाईल अशा लाकडातल्या वेगळ्या.

कुजण्याच्या प्रकारावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. लाकूड पांढरं, तंतुमय, मऊ होत असेल तर पांढरी कूज. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा घटक, तेही खाल्लं जातं. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकत असेल तर तपकिरी कूज. त्यात सेल्युलोज जातं आणि लिग्निन बरंचसं मागे राहतं. बहुतेक पापुद्रा बुरशा पांढऱ्या कुजीच्या, कोनिओफोरा आणि सेर्पुला तपकिरी. पण एका ओंडक्यात अनेक बुरशा शेजारी राहतात. वरचा थर एकाचा आणि खालची कूज दुसऱ्याची, हे रोजचं आहे. लाकडाच्या कापात काळ्या बारीक रेषा दिसल्या तर त्या बहुतेकदा बुरशांनी आपापल्या हद्दींवर आखलेल्या असतात.

त्यातही एक गोष्ट अनेक अनुभवी लोकांनाही उशिरा कळते. ओंडक्याच्या खाली मिळणारा प्रत्येक थर लाकूड खाणाऱ्याचा नसतो. टोमेंटेला ही तपकिरी, करडी, कधी निळसर, लोकरी पोताची बुरशी जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगते. ओंडका तिला फक्त ओलाव्यात बीजाणूथर पसरायला लागतो. पायलोडर्मा आणि ॲम्फिनेमा यांचंही तसंच. अशा वेळी खालचं लाकूड कोणाचं यापेक्षा आसपास कोणती झाडं जिवंत उभी आहेत, ही नोंद महत्त्वाची ठरते. ती नोंद पाकिटावर नसली की नंतर काही करता येत नाही.

मायक्रोस्कोपशिवाय ओळखता येतील अशा चार-पाच सांगून टाकतो. टेराना सिरुलिया: गडद कोबाल्ट निळा मखमली थर, रुंदपर्णी झाडांच्या पडलेल्या फांद्यांखाली, दुसऱ्या कशाशी घोटाळा होणं कठीण. फ्लेबिया रेडिएटा: नारिंगी-गुलाबी, मधून बाहेर पसरणाऱ्या सुरकुत्या. झायलोबोलस फ्रस्टुलेटस: ओकच्या जुन्या कडक लाकडावर, फरशी फुटून तिचे छोटे तुकडे जागच्या जागी राहावेत तसा दिसणारा. कोन्ड्रोस्टिरियम पर्प्युरियम: ताजी असताना जांभळी, कडा वळलेल्या, हीच प्लमसारख्या फळझाडांना रुपेरी पानांचा रोग आणते. स्टिरियमचं वर सांगितलंच. यापलीकडची यादी वाढवण्यात मला रस नाही, कारण यादी वाढली की लोक उरलेल्या शेकडो बुरशा त्याच पाच नावांत कोंबतात.

आता मायक्रोस्कोप. तयारी नीट झाली तर हे काम वाटतं तितकं अवघड नाही. वाळलेल्या नमुन्यातून लाकडासकट तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्या, पाण्याचा एक थेंब देऊन मऊ होऊ द्या. नवीन ब्लेड घ्या, वापरलेलं नको. बीजाणूथराला काटकोनात, जितका पातळ जमेल तितका काप काढा. दहा काप काढले तर त्यातला एखादा चांगला निघतो, तेवढाच लागतो. तो काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या थेंबात ठेवा, शेजारी फ्लॉक्सिन या रंगद्रव्याचा बारीक थेंब सोडा, आच्छादन काच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच टकटक करा. तंतू विलग होतात आणि फ्लॉक्सिनमुळे पेशींचा आतला भाग गुलाबी होतो. आधी कमी क्षमतेवर काप कसा बसलाय ते बघा, मग तेलाचा थेंब लावून वापरायच्या जास्त क्षमतेच्या भिंगाखाली जा.

काय शोधायचं? आधी तंतूंच्या जोडांवर क्लँप आहेत का, म्हणजे दोन पेशींच्या मध्ये बाजूने निघालेला छोटा वळसा. थराच्या तळाशी आणि वरच्या भागात वेगवेगळं बघा, कारण फॅनेरोकीटीमध्ये तळाच्या रुंद तंतूंवर क्लँप क्वचित आणि कधी एकाच जागी अनेक असतात. मग बेसिडिया, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या पेशी: त्यांचा आकार आणि ज्यांवर बीजाणू धरतात ती वरची शिंगं. चार शिंगं असणं सामान्य. सहा-आठ दिसली तर सिस्टोट्रेमा किंवा बॉट्रिओबेसिडियम डोक्यात आणा. बॉट्रिओबेसिडियमचे तंतू रुंद असतात आणि जवळजवळ काटकोनात फुटतात, त्यामुळे जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, पटकन कळतो. काप चांगला असूनही बेसिडिया दिसल्याच नाहीत, तर नमुना एकतर फार कोवळा आहे किंवा मेलेला. तिथे वेळ घालवू नका, दुसरा नमुना घ्या.

खरी मजा सिस्टिडियांची. या बीजाणूथरातल्या वांझ पेशी. त्यांचे आकार इतके वेगवेगळे असतात की अनेकदा त्यांच्यावरूनच जीनस ठरतो. हायमेनोकीटीमध्ये तपकिरी, जाड भिंतीचे, टोकदार काटे थरातून बाहेर डोकावतात. पेनिओफोरामध्ये जाड भिंतीच्या, टोकाला स्फटिकांचा थर चढलेल्या पेशी असतात. ट्युब्युलिक्रिनिसची तर गंमत आहे: पाण्यात बघितल्यास तिच्या सिस्टिडिया जाड भिंतीच्या, उंच आणि स्वच्छ दिसतात. काचेच्या कडेला पोटॅशियम हायड्रॉक्साईड सोडा आणि डोळा न हलवता बघत राहा. द्रावण पोचतं तशी भिंत फुगते, कडा पुसट होतात आणि पेशीचा आकार विरघळून जातो. म्हणूनच माझा आग्रह असतो की प्रत्येक नमुन्याचा एक काप साध्या पाण्यातही बघावा. सगळं सरळ अल्कलीत टाकलं तर असा पुरावा तुमच्याच हातून नाहीसा होतो. पेनिओफोरेलाच्या काही जातींत तंतूंवर दोन पेशींच्या, मुकुटागत कड असलेल्या गोल गाठी दिसतात, त्यांना स्टेफॅनोसिस्ट म्हणतात. त्या सूत्रकृमींना चिकटतात आणि बुरशी त्यांना खाते. शांत पडून लाकूड कुजवणारी बुरशी फावल्या वेळात शिकारही करते.

बीजाणू कापातून मोजू नका. तिथे अर्धवट वाढलेले आणि परके, दोन्ही येतात. ताजा तुकडा बीजाणूथर खाली करून काचपट्टीवर, ओलसर डबीत रात्रभर ठेवा आणि खाली पडलेले बीजाणू मोजा, निदान वीस. लांबी-रुंदी दोन्ही, आणि देठाकडचं टोक सोडून. मग मेल्झर या आयोडीन असलेल्या द्रावणात परीक्षा घ्या: निळे-काळे झाले तर स्टिरियम, ॲलुरोडिस्कस अशा रुसुलाच्या गणातल्या मंडळींचा विचार, लालसर-तपकिरी झाले तर वेगळा गट. कोनिओफोरा प्युटेनाचे बीजाणू मुळातच तपकिरी, जाड भिंतीचे आणि दहा-चौदा मायक्रोमीटर लांब, त्यांची ओळख सहज पटते. मेल्झरची परीक्षा अल्कलीतल्या कापावर घेऊ नका, आयोडीनची प्रतिक्रिया बिघडते. मेल्झर मिळणं कठीण असेल तर ल्युगोल हे आयोडीनचं साधं द्रावण वापरून सुरुवात करता येते. आयपीस मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातली मोजपट्टी, स्वतःच्या मायक्रोस्कोपवर कॅलिब्रेट केलेला हवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

नमुना गोळा करताना थर लाकडासकट काढा, आणि कड आलीच पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्यावर दुसरी बुरशी चढते. कागदी पाकीट वापरा. चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास हवा खेळती ठेवून वाळवा. पाकिटावर तारीख, जागा, झाड, साल, कूज, ओरखड्याचा आणि थेंबाचा निकाल, ताजा रंग हे तिथल्या तिथे लिहा. फोटो काढताना पूर्ण थर, कडेचा जवळचा फोटो आणि आडवा काप, असे तीन हवेतच, आणि एकात मोजपट्टी.

आता थांबण्याबद्दल. जीनसपर्यंत पोचलात आणि पुढे पुरावा नसेल तर ‘पेनिओफोरा, जाती अनिश्चित’ असं लिहा. ते अपुरं उत्तर नाही. खोट्या जातीच्या नावापेक्षा पुढच्या माणसाला ते जास्त उपयोगी पडतं. पांढऱ्या गुळगुळीत थरावर तर ‘पापुद्रा बुरशी, रुंदपर्णी लाकूड’ एवढंच लिहून नमुना जपून ठेवणं हेच कित्येकदा योग्य असतं.

डीएनएने सगळं सुटेल असं वाटत असेल, तर अर्धं सुटतं. बुरशांसाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा 2012 साली प्रमाण बारकोड, म्हणजे जात ओळखण्याची खूण, म्हणून सुचवला गेला, आणि तो वाचून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. पण डेटाबेसमध्ये कोणीतरी चुकीच्या नावाने ठेवलेला अनुक्रम (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) तुमच्या अनुक्रमाशी शंभर टक्के जुळला तर चुकीचं नावच शंभर टक्के मिळतं. अनेक जुनी नावं तपासल्यावर चार-पाच जवळच्या जातींचा गठ्ठा निघाली आहेत. म्हणून अनुक्रम आला की आधी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलेल्या गोष्टी त्या नावाशी जुळतात का, ते बघा. क्लँप नसलेल्या नमुन्याला क्लँप असलेल्या जातीचं नाव आलं, तर बहुधा कापताना शेजारची बुरशी तुकड्यात आली आहे. त्यासाठी अनुक्रमाचा क्रमांक आणि वाळवलेला नमुना एकाच पाकिटावर नोंदवलेले असू द्या, म्हणजे पुन्हा काप काढता येतो.